सरावाच्या खाटेवरची मार्था

मित्रांनो, मी एक जुनी रबरी आजी आहे. मला नातवंडे नाहीत, दुखणे तर कधी आलेच नाही; तरी माझा जन्म आजारी पडून राहण्यासाठीच झाला. नर्सिंग शिकणाऱ्यांनी खऱ्या माणसाला हात लावण्याआधी ज्या पुतळ्यावर सराव करायचा, तो पुतळा म्हणजे मी.

कारखान्यात माझे अंग साच्यातून निघाले, सांध्यांत लोखंडी खिळे बसले, डोक्यावर करड्या केसांचा टोप चढला. मग खोक्यात बंद होऊन मी अमेरिकेतल्या मेन राज्यात, एका नदीकाठच्या गावी आले. गावात कागदाची गिरणी होती आणि नुकतेच सुरू झालेले सार्वजनिक कॉलेज. कॉलेज म्हणजे तेव्हा आगीचे बंब ठेवायच्या जागेवरच्या दोन खोल्या. एकीत टंकलेखनाचा वर्ग, दुसरीत मी. खाली बंबाची घंटा वाजली की माझी खाट थरथरायची. पुढे गावातला बुटांचा कारखाना बंद पडला, तेव्हा कॉलेज त्या इमारतीत गेले आणि वाढत गेले. वेल्डिंग आले, स्वयंपाक आला, बालसंगोपन, जंगलातली कामे, परदेशातून आलेल्यांसाठी इंग्रजी. कोणाचे वय आड येत नसे. मायलेकी एकाच बाकावर बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

हॅस्केल बाई नर्सिंग शिकवत. मार्था हे नाव त्यांनीच मला दिले. विद्यार्थिनी मला सुया टोचत, अंग पुसत, माझ्याखालची चादर बदलत, आणि परीक्षा पार पडली की माझा गाल थोपटून जात. ते माझ्या कौतुकाचे दिवस होते.

मग गिरणी बंद झाली, आणि त्या हिवाळ्यात ल्यूसियन ओलेट आमच्या वर्गात आला. कागदाची अजस्र रिळे हलवण्यात त्याचे अर्धे आयुष्य गेले होते. वर्गात तो एकटाच पुरुष. त्याचे जुने सोबती शेजारी वेल्डिंग शिकत. ते दारातून डोकावून विचारत, "काय ल्यूस, नर्सची टोपी शिवायला टाकली का?" तो हसण्यावारी नेई, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसत.

घरी त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले. हे शिक्षण जमले तर गावातल्या वृद्धाश्रमात काम मिळणार होते. नाही जमले, तर दूर शहरात गोदामात जायचे आणि वडिलांना परक्यांच्या हाती सोपवायचे.

चाचणीच्या दिवशी मला कुशीवर वळवताना त्याने असा हिसका दिला की माझा डावा हात खांद्यातून निखळून त्याच्या हातात आला. वर्ग हसला. ल्यूसियनने तो हात उशीवर ठेवला आणि कोट उचलला.

"मी रिळंच हलवावीत, मॅडम. उद्यापासून येत नाही."

"नका येऊ," हॅस्केल बाई शांतपणे म्हणाल्या. "पण आधी तिचा हात नीट करून द्या. मोडलाय तुम्ही."

तो माझा हात काखेत मारून वेल्डिंगच्या वर्गात गेला. ज्यांनी चिडवले होते, त्यांनीच नवा पोलादी खिळा घडवला. त्यांच्यातला बड नावाचा एकजण खिळा बसवायला स्वतः आला.

"हा तुझ्यापेक्षा जास्त टिकेल, ल्यूस," तो म्हणाला. "आणि तू निघालास कुठे? उद्या माझ्या म्हाताऱ्या आईला कोण उचलणार, मी?"

"तू उचललंस तर ती बुटानं हाणेल तुला."

"म्हणून तर म्हणतो, राहा."

बड गेला. ल्यूसियन तिथेच उभा राहिला. बाई जवळ आल्या. "तुमचे हात जड नाहीत हो. रिळाला काही सांगावं लागत नाही, म्हणून मुकाट्यानं उचलायची सवय लागलीय. हिला आधी सांगा, काय करणार आहात ते."

त्याने घसा खाकरला. "आजी, मी आता तुम्हाला डावीकडे वळवतोय. घाबरू नका हं."

मित्रांनो, तोवर कितीतरी हातांनी मला उलटेपालटे केले होते. पण आधी सांगणारा तो पहिलाच. मी अलगद वळले. ल्यूसियन परीक्षेत पास झाला, वृद्धाश्रमात कामाला लागला, आणि त्याचे वडील अखेरपर्यंत आपल्याच घरात राहिले. हे हॅस्केल बाई पुढच्या प्रत्येक वर्गाला सांगत.

बाई निवृत्त झाल्या. नवा पुतळा आला. त्याची छाती वरखाली होते, नाडी लागते, तो कण्हतोसुद्धा. मला जिन्याखालच्या अडगळीत ठेवले, नाताळच्या झाडाशेजारी. दर डिसेंबरात झाड बाहेर जाई आणि सण सरला की परत येई. मला मात्र कोणी नेत नसे. माझे रबर तडकू लागले. डोक्यावर पावले वाजत आणि वाटे, कोणीतरी येऊन निदान अंगावर चादर तरी घालावी.

एके दिवशी दार उघडले ते होदान बाईंनी. सोमालियातून आलेल्या होदान बाई याच इमारतीत इंग्रजी शिकल्या आणि नर्स झाल्या. आता घरी आजाऱ्याचे करणाऱ्यांसाठी त्या दर शनिवारी वर्ग घेणार होत्या.

"तो तारांचा पेशंट नको मला," त्या शिपायाला म्हणाल्या. "घरचं माणूस कुठे असं यंत्राला जोडलेलं असतं? हीच बरी." त्यांनी मला साबणाने धुतले आणि खिडकीपाशी खाट दिली.

त्या वर्गात एल्डन नावाचे म्हातारे गृहस्थ येत. जन्मभर लाकडाचे ट्रक चालवलेले. त्यांच्या पत्नीला, विनीला, आताशा कोणाची ओळख राहत नव्हती.

"फणी उचलली की माझा हात झटकते," ते खाली बघत म्हणाले.

"मुळापासून ओढत असाल," होदान बाई म्हणाल्या. "टोकांपासून सुरू करा. केस वर मुठीत धरा, म्हणजे ताण तिला लागणार नाही."

एल्डन बराच वेळ माझा टोप विंचरत बसले. गुंतवळ हातात आली तसे ओशाळून म्हणाले, "टकली होईल ही माझ्यापायी."

"होऊ दे. पण विनीबाईंचे केस वाचतील."

पुढच्या शनिवारी ते सगळ्यांच्या आधी आले. कोट न काढताच माझ्या उशाशी बसले. "काल तिनं हात नाही झटकला," ते म्हणाले. "डोळे मिटून बसली होती. मी थांबलो, तर म्हणाली, कर ना अजून."

वर्गात तेव्हा आम्ही दोघेच होतो.

मित्रांनो, जुनी वस्तू अडगळीत टाकण्याआधी एकदा तिच्याकडे नीट बघा. तिच्यापाशी कोणाला तरी शिकवण्यासारखे अजून काही उरलेले असेल. आणि शिकायचे वय निघून गेले असे वाटत असेल, तर गावातल्या अशा कॉलेजात एकदा डोकावून बघा. माझ्या खाटेभोवती गर्दी असते खरी, पण आणखी एक खुर्ची सहज मावते.