रविवारचं सूप

देओलिंदाने ब्लाउज वर सरकवला. पोटावर थंडगार जेल पडताच तोंडातून शिवी गेली, तशी गळ्यातल्या क्रूसाला हात लावून तिने माफी मागून घेतली.

“मोठ्या दवाखान्यांत म्हणे हे गरम करून लावतात.”

“अख्ख्या फॉल रिव्हर शहरात याहून मोठा नाही, वावो,” नताल्या म्हणाली. आजीला ती लहानपणापासून वावोच म्हणायची.

आपल्या माणसाची सोनोग्राफी आपण करायची नसते. पण काउंटरवरच्या पोरीला देओलिंदाने असं फैलावर घेतलं होतं, की शेवटी नातीलाच बोलावून आणावं लागलं.

घरात एक डॉक्टर व्हावा म्हणून देओलिंदाने गिरणीत उभा जन्म पडदे शिवले. आणि नातीने काय केलं, तर हे यंत्र चालवायचा कोर्स.

“पगार डॉक्टरच्या खालोखाल आहे, वावो. डोक्यावर कर्ज नाही, रात्रीची झोप मिळते.”

“टीव्ही मीही बघते दिवसभर. मला कोण देतं पगार?”

चर्चमध्ये मात्र ती सगळ्यांना ‘आमची डॉक्टरीण’ असंच सांगायची.

गेल्या रविवारी जेवताना नताल्या चुलतभावंडांना सांगत होती, “वाईट काही दिसलं तरी आम्ही बोलायचं नसतं, ते डॉक्टरांनी सांगायचं. पण नवखी पोरगी एकदम गप्प होते आणि पेशंटला तिथेच कळतं. म्हणून मी एक प्रश्न ठरवून ठेवलाय. रविवारी जेवायला काय करणार? माणसं बोलत बसतात, माझं काम होतं.”

सगळे हसले होते. देओलिंदाने फक्त ताटं उचलली होती.

आता नताल्या पोटावरून यंत्र फिरवत शेजारच्या ग्रासाच्या लग्नाबद्दल बोलत होती.

“झगा बघितलास तिचा? मागून सगळा उघडा.”

“कापड परवडलं नसेल. नवराही तसलाच, अर्ध्या उंचीचा.”

नताल्या खुदकन हसली. मग तिचा हात बरगडीखाली थांबला. मागे गेला, पुन्हा तिथेच आला. बटणं वाजली.

“रविवारी जेवायला काय करणार आहेस, वावो?”

बोलून झाल्यावर तो प्रश्न तिलाही ऐकू आला.

देओलिंदा छताकडे बघत राहिली. तिथे ओलीचा एक तपकिरी डाग होता. तिला काही म्हणजे काही वाटलं नाही. जेल आता कोमट झालं होतं, एवढंच कळत होतं.

“वावो, मी...”

“डॉक्टर सांगतील. ठाऊक आहे मला. तू काम कर.”

नताल्याने हात पुन्हा टेकवला. तो स्थिर राहीना. पडद्यावरचं चित्र हलत होतं.

“केलच्या पाल्याचं सूप,” देओलिंदा म्हणाली. “राजमा आदल्या दिवशी भिजत घालायचा. डब्यातला आणलास तर घरात घेणार नाही.”

नताल्या ते सूप दात आल्यापासून खात होती.

“मग?” तिने विचारलं.

“मग चोरिसचं सॉसेज. जाड कापायचं, कंजूषपणा नाही करायचा. तेल सुटेपर्यंत परतायचं.”

हात हळूहळू स्थिरावला. बटणं एकामागून एक वाजू लागली.

“सावकाश सांग, वावो. मला अजून थोडा वेळ लागेल.”

“मला कुठे जायचंय,” देओलिंदा म्हणाली आणि बटाट्यांकडे वळली.