शंभरातून वजा

वकीलसाहेबांची गाडी पणजोबांच्या काळातली: लांबलचक बॉनेट, लाकडी आऱ्यांची चाकं, रबरी फुग्याचा भोंगा. त्यांचे साडू डॉक्टर. त्यांची गाडी तीस वर्षांनी धाकटी, अंगभर नुसता झगमगाट. एकीत चढायला शिडी हवी, दुसरीतून उतरायला हात द्यायला माणूस. कुठली श्रेष्ठ यावरून दोघांचं दर रविवारी वाजायचं. एकमत एवढ्यावरच, की आपल्या गाडीतला स्क्रूसुद्धा कारखान्यातून आला तसाच आहे.

आणि जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक कोण? मिस्त्री! दोन्ही गाड्या ज्यांनी भंगारातून उचलून उभ्या केल्या, तेच. आयोजक बाईंना बिचाऱ्यांना काय कल्पना? दोन्ही साडूंनी मिस्त्रींचं नाव चुकूनही कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

नियम सोपा: मूळ नसलेल्या प्रत्येक भागामागे शंभरातून एक गुण वजा. मिस्त्रींना घाम फुटला. खरं लिहावं तर जुनी गिऱ्हाइकं तुटणार. खोटं लिहावं तर आपल्या हातचं सगळं काम कायमचं कारखान्याच्या नावावर.

"हा डॅशबोर्ड बघा," वकील माणसं गोळा करून सांगत होते. "त्या काळचे कारागीरच वेगळे हो!"

त्या काळचे कारागीर शेजारीच उभे होते, आणि ते लाकूड मिस्त्रींच्या सासूबाईंच्या कपाटाचं दार होतं.

"लाकडाचं काय घेऊन बसलात?" डॉक्टर म्हणाले. "माझ्या पत्र्यावर हात फिरवा. कुठे जोड लागतोय? हे यंत्राचंच काम."

ते यंत्र म्हणजे मिस्त्रींचा हातोडा. त्यापायी उजव्या खांद्याची पार वाट लागली, तेव्हा याच डॉक्टरांनी तपासताना विचारलं होतं, "एवढं काय काम करता हो तुम्ही?"

मिस्त्रींच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी पेन उघडलं. डॅशबोर्ड, मी केला, वजा एक. मागचा पत्रा, मी ठोकला, वजा एक. कागद भरला, तसा उलटून मागेही लिहिलं.

वकिलांना एकेचाळीस, डॉक्टरांना सदतीस. पहिला नंबर एका गंजक्या डब्याला, जो चौघांनी ढकलत आणला होता. पण त्यातलं सगळं मूळचं, गंजासकट!

साडूंची जन्मात पहिल्यांदा युती झाली. "मिस्त्री, खाल्ल्या घरचे वासे मोजलेत! आता आमच्या दारात पाऊल टाकू नका!"

मिस्त्रींचं लक्षच नव्हतं. माइकवर बाई यादी वाचत होत्या. "दाराची मूठ, मिस्त्रींनी केली. काचेची चौकट, मिस्त्रींनी केली." लोक गंजका डबा सोडून या दोन गाड्यांभोवती जमले, वाकून वाकून बघू लागले. एकजण म्हणाला, "हे हातानं केलंय? काय सांगता!"

मिस्त्रींना भरून आलं. डोळे पुसत ते लगबगीनं बाईंकडे गेले.

"बाई, वकीलसाहेबांच्या गाडीच्या डाव्या दिव्याची कडी राहिली बघा. तीही माझीच. तेवढा एक गुण वजा करा."