राखलेलं रान

किनवटच्या डोंगरात आंध आदिवासींची एक वाडी आहे. वाडीच्या वरचं सागाचं रान त्यांच्या आज्या-पणज्यांपासून त्यांनीच सांभाळलेलं, म्हणून त्याचा सामूहिक वनहक्क मिळावा असा त्यांचा दावा होता. पाहणीला साहेब आले, तेव्हा शेजारगावचे जुने शेतकरी म्हणून अण्णारावांना साक्षीला बोलावलं. नाव सुचवलं होतं वाडीतल्या साखराबाईनं. वनहक्क समितीत तिच्या शब्दाला वजन होतं.

"हे रान कसलं?" साहेबांनी विचारलं.

अख्खा मुलूख त्याला राखलेलं रान म्हणतो. वाडीनं आळीपाळीनं पहारा देऊन, वणवे विझवून, कुऱ्हाडवाल्यांशी भांडून राखलेलं. तोच शब्द अण्णारावांच्या जिभेवर होता. पण नाल्यापलीकडं त्यांची तूर डोलत होती. दरसाल थोडा थोडा करत त्यांनी आपला धुरा, म्हणजे शेताचा बांध, रानात सारला होता. दावा मंजूर झाला की वाडी हद्द मोजणार. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"राखीव हाय, साहेब," ते म्हणाले. "सरकारी."

साहेबांनी तसंच लिहून घेतलं. दोन्ही शब्द तसे सख्खे भाऊ, पण एकात वाडीची माणसं होती, दुसऱ्यात नव्हती.

साहेब चहाला बसले. साखराबाईनं रानातली सीताफळं आणून अण्णारावांपुढं ठेवली, या वयात आमच्यासाठी डोंगर चढलात म्हणाली. अण्णारावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी मान खाली घालून त्यांनी तिला सगळं सांगितलं. राखलेलं म्हणायचं ते राखीव का म्हणालो, तेही आणि धुऱ्याचंही.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"धुऱ्याचं ठाऊक हाय आमाला," ती म्हणाली. "दरसाल बघूनच राहिलो. म्हणून तर तुमचं नाव दिलं, अण्णा. वाटलं, आमचं रान खाल्लेला माणूस लाजंनं तरी खरं बोलंल."

साहेब चहा संपवून जीपकडं निघाले होते. अण्णाराव धोतर सावरत उठले आणि त्यांना आडवे गेले.

"साहेब, माझी साक्ष खोटी हाय," ते म्हणाले. "आधी माझ्या तुरीत चला. मग रान कुणी राखलं ते सांगतो."