बिरोबापुढचा दिवा

केंदूरच्या डोंगरावर बिरोबाचं ठाणं होतं. बयाबाई रोज तिन्हीसांजेला चढून तिथं दिवा लावायची. नवरा मेंढरं राखायचा तेव्हापासूनचा हा नेम. मेंढरं गेली, शेती आली, नेम तेवढा राहिला. दिवा पहाटेपर्यंत तेवायचा.

गावात एसटीडीचा बूथ आला त्या वर्षी फराट्यांच्या सत्यजीतनं ठाण्याच्या वरच्या अंगाला पांढऱ्या घुमटाची वेधशाळा बांधली. पहिल्याच भेटीत म्हणाला, "आजी, आम्हाला अंधार लागतो हो. तुमचा दिवा दुर्बिणीच्या डोळ्यात येतो."

ते बोलणं तिच्या मनात रुतून बसलं. म्हणून अवसेला त्यानं सगळ्या गावाला तारे बघायला बोलावलं, तेव्हा शंकेची पाल चुकचुकली.

"फुकटचा चहा आन् तारं? सगळी नळीला डोळं लावून बसली, की ह्यो खाली येऊन दिवा निमवील," ती लेकाला, मल्हारला म्हणाली.

"आये, शिकलेला माणूस हाय त्यो."

"म्हणूनच."

गाव घुमटापाशी रांगेला लागलं. बयाबाई मल्हारला घेऊन दिव्याजवळच बसून राहिली. शेवटी सत्यजीत स्वतः खाली आला.

"आजी, चला. शनी दिसतोय, कड्यासकट."

"शनीला मी दर शनवारी तेल घालते. त्याला बघायचं काय त्यात?"

मल्हार हसला. "बघ की गं. त्यानं तुला कैकदा बघितलंय."

"आन् इथं कोण बसंल?"

"मी बसतो," सत्यजीत म्हणाला.

"मग बेल-भंडार उचला."

सत्यजीतनं क्षणभर मल्हारकडं पाहिलं. मग बूट काढले, देवापुढची हळद मुठीत घेतली. "बिरोबाची आण, दिवा निमू देणार नाही."

आता तिला मागं सरता येईना. मल्हारचा हात धरून ती वर गेली. नळीत इवलासा शनी कडं घालून बसला होता. तिनं हात जोडले, पण चित्त सगळं पाठीमागं. दारातून वळून बघते तर खाली मिट्ट काळोख. ठाण्यावर उजेडाचा ठिपका नाही.

"भंडार उचलून खोटं!"

ती ठेचकाळत खाली आली. सत्यजीत घुमटाकडं पाठ करून, दिव्याला अगदी चिकटून बसला होता. दोन्ही तळव्यांच्या आडोशात ज्योत थरथरत होती.

"वारा सुटलाय, आजी."

बयाबाईनं आधी भुईवर विझलेली काडी शोधली. सापडली नाही.

"खिसा दाखवा. निमवून परत लावला आसंल, काडीपेटी घावंल."

"हात काढला तर दिवा जाईल. तुम्हीच बघा."

तिनं खुशाल हात घातला. एक रुमाल, एक बॅटरी. बस्स.

"भाजलं का?" जरा वेळानं तिनं विचारलं.

"थोडंसं."

दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याचं जुनं घोंगडं दोन काठ्यांवर ताणून ठाण्याच्या वरच्या अंगाला बांधलं. देवापुढं उजेड, घुमटाकडं अंधार.

"दुर्बिणीसाठी व्हय?" मल्हारनं विचारलं.

"वाऱ्यासाठी," ती म्हणाली, आणि काडीपेटी कनवटीला खोचून डोंगर उतरू लागली. ती काही तिनं तिथं ठेवली नाही.