बिननावाचा ऑडिओ

डिस्क गच्च भरली, म्हणून धाकटा वडिलांच्या जुन्या सिनेमांच्या फायली हलक्या करायला बसला. एकेका सिनेमाला चार-चार भाषांचे ऑडिओ आणि तितकीच सबटायटलं. एवढं कोण ऐकणार होतं, देव जाणे! नको त्याच्यापुढची टिक काढायची, की उरलेल्याची नवी फाइल तयार.

एका परदेशी सिनेमात बिननावाचा ऑडिओ निघाला. काढण्याआधी त्याने तो लावून पाहिला, तर चक्क वडिलांचा आवाज! आईची नजर गेल्यावर ते तिला सबटायटलं वाचून दाखवत. आपण कामावर असतानाही तिला ऐकता यावं, म्हणून त्यांनी एकदा ते वाचन रेकॉर्ड करून सिनेमाला जोडलं होतं.

रेकॉर्डिंगमध्ये मध्येच आई करवादली, "अहो, सावकाश वाचा की! गाडी सुटतेय का तुमची?"

धाकटा खुदकन हसला. दोघांना जाऊन किती वर्षं लोटली होती.

शेवटी पडद्यावर नायिकेने डोळे मिटले. खाली अक्षरं उमटली : 'ती गेली.'

वडिलांनी मात्र वाचलं, "डॉक्टर म्हणतोय, झोप लागलीय. सकाळपर्यंत बरी होईल."

"हुश्श! जीव भांड्यात पडला माझा," आई म्हणाली.

धाकट्याने बाकीचे सगळे ऑडिओ काढले. मग सबटायटलांपुढची टिकही काढून टाकली.