सारवलेल्या खळ्यावरचे ठसे

विसरवाडीच्या पुढं डोंगरात राहणारी रिबेका पोलीस भरतीसाठी धावायची. सुरतेला कामाला गेलेल्या योहाननं, तिच्या भावानं, जाड मऊ तळव्याचे बूट पाठवले तेव्हा तिला वाटलं, आता आपल्याला कोण अडवतंय! पण ते बूट घातल्यापासून नडगीत कळ यायला लागली. भरती तोंडावर आलेली, आणि पाय धड टेकवेना.

त्या सकाळी सरावावरून येताना जवळची वाट म्हणून ती खळ्यातूनच धावत आली. तिच्या आईनं, शांतीबाईनं, भात झोडायला खळं नुकतंच शेणानं सारवलं होतं.

"अगं बाई, खळ्यात बैल शिरला का काय?" शांतीबाई ओरडतच बाहेर आली.

"बैल नाही आई, मी."

"तू? मग एवढे खड्डे कशाचे?"

रिबेकानं वाकून पाहिलं. प्रत्येक ठशात टाच खोल रुतलेली, पुढचं पाऊल जेमतेम उमटलेलं. तिनं बूट काढले आणि तेवढ्याच वेगानं अनवाणी परत धावली.

"आणखी एकदा? सारवायला तुझी सासू येणार आहे का?"

हे ठसे मात्र उथळ होते, सगळं पाऊल सारखं टेकलेलं.

रिबेका तिथंच उकिडवी बसली. अनवाणी पायाला जमीन लागते, म्हणून गुडघा आपोआप वाकतो, पाऊल जपून पडतं. बुटात काही लागतच नव्हतं, म्हणून ती पाय ताठ ठेवून बेधडक टाच आपटत होती. तळपायाला न कळलेला दणका सरळ नडगीत जात होता.

"मग फेक ते बूट," शांतीबाई म्हणाली.

"मैदानावर खडी आहे, आई. बूट राहू देत, माझं पाऊलच सुधारते."

"सुधार. आधी माझं खळं सारवून दे."

तिनं सारवलं. मग रोज खळ्याच्या कडेला एक पट्टा ओला सारवायचा, बूट घालून त्यावरून धावायचं आणि ठसे बघायचे. पावलं आखूड, गुडघे सैल, पाय पुढं न फेकता अंगाखाली टाकायचा. टाचेचे खड्डे उथळ होत गेले, तशी नडगीही गप्प झाली.

भरतीच्या दिवशी नंदुरबारच्या मैदानावर अंग मोकळं करताना शेजारची मुलगी हसली, "काय गं, बारकी पावलं टाकत बाजाराला निघालीस का?"

"हो ना. येतेस का सोबत?"

शिट्टी झाली. पहिल्या फेरीत ती मुलगी पुढं होती. दुसऱ्या फेरीत तिचे बूट रिबेकाच्या मागं धप धप वाजत राहिले, आणि रिबेकानं रेषा ओलांडली.

घड्याळ धरलेले हवालदार म्हणाले, "बस पोरी, दम खा."

"दम आहे, साहेब," रिबेका म्हणाली. "गोळाफेक कुठं आहे?"