घुमटाचं कडं

उन्नतीने तो घुमट दोनदा काढला. पहिल्यांदा काढला तेव्हा टेमघरच्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात संगणकावर, कॅडमध्ये, नकाशे काढायला लागून तिला तीन वर्षं झाली होती. तोवर तिने फक्त गोदामं काढली होती: लांबच लांब पत्र्याच्या शेड, शटर, ट्रक वळायची जागा. मानकोलीच्या केसरीनाथशेठना मात्र आपल्या नव्या मंगल कार्यालयावर फासळ्यांचा घुमट हवा होता, लग्नाच्या फोटोंत उठून दिसेल असा. इंजिनिअर धनेश सरांनी मापं काढून तिच्या हातात दिली आणि पुढचं काम तिच्यावर सोपवलं.

ते काम तिला फार आवडलं. एका फासळीचा बाक मनासारखा जमला, की मधल्या बिंदूभोवती ती सोळा वेळा फिरवायची. पडद्यावर घुमट उमलल्यासारखा दिसायचा. घरी जेवतानाही ती त्याच्याबद्दलच बोलायची.

अशा घुमटात फासळ्यांचे पाय बाहेरच्या बाजूला सरकू पाहतात. त्यांना आवळून धरायला खाली सळयांचं एक जाड कडं लागतं. उन्नतीने ते काढलं होतं, पण वेगळ्या लेयरवर, म्हणजे नकाशावर ठेवलेल्या एका वेगळ्या पारदर्शक थरावर. फासळ्यांचा बाक नीट करताना ते सारखं मध्ये यायचं, म्हणून तिने त्या लेयरचा पडद्यावरचा दिवा बंद करून तो लपवला होता. प्रिंट काढताना तो चालू करायचा राहिला. सरांनी घाईत सही केली आणि नकाशा साइटवर गेला.

आठवड्याभरात महादू मिस्त्रीचा फोन आला. साठी ओलांडलेला, आसपासच्या गावांतली बरीच देवळं बांधलेला माणूस. एवढ्या मोठ्या घुमटाला खाली कडं कसं नाही, असं त्याने विचारलं. उन्नती तेव्हा दुसऱ्या नकाशात गुंतली होती.

"काका, नकाशात आहे तेवढंच करा," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात घुमटाखालचे टेकू काढायला घेतले. गणेशपुरीपलीकडच्या पाड्यावरचा भरत नावाचा मजूर शेवटचे टेकू ओढत होता. फासळ्यांचे पाय फाकले आणि सगळा घुमट त्याच्या अंगावर आला. त्याला बाहेर काढेपर्यंत तो गेला होता.

बातमी कळली तेव्हा उन्नतीने सगळ्यात आधी फाइल उघडली. कड्याच्या लेयरचा दिवा बंद होता. तिने सरांना बोलावलं. सरांनी पाहिलं. ते कपाटापाशी गेले, ऑफिसातली प्रत काढली आणि फाडून टाकली. साइटवरची प्रत ढिगाऱ्याखाली फाटून नाहीशी झाली होती. ते तिच्यावर ओरडले नाहीत. फाइलमध्ये कडं आहे, तारीख गेल्या वर्षाची आहे, म्हणजे आपण ते दिलंच होतं, एवढंच त्यांनी तिला समजावलं. चौकशीवाल्यांना नकाशा वाचता येत नाही, म्हणून त्याचं थ्रीडी मॉडेल करून द्यायला सांगितलं.

म्हणून उन्नतीने तो घुमट दुसऱ्यांदा काढला. तीन दिवस ती मान वर न करता काम करत होती. प्रत्येक फासळीतली प्रत्येक सळई तिने जागच्या जागी बसवली. कडं लाल रंगात दाखवलं, कारण सरांनी तसं सांगितलं होतं. आपण यात खोटं काहीच काढत नाही, असं ती स्वतःला सांगत राहिली, आणि ते खरंही होतं. इतकं स्वच्छ काम तिच्या हातून आधी कधी झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मॉडेल पुरं झालं आणि सरांनी ते पोलिसांना दिलं.

नकाशातलं कडं गाळलं म्हणून महादू मिस्त्रीला अटक झाली. तेरा दिवसांनी तो जामिनावर सुटला आणि दुसऱ्याच दुपारी ऑफिसात आला. सर बाहेर गेले होते. उन्नतीला वाटलं, आता हा फोनचं काढणार. ती खुर्चीत घट्ट बसून राहिली. पण मिस्त्रीने, पोलिसांनी दाखवलेलं ते चित्र पुन्हा एकदा दाखव, एवढंच म्हटलं. तिने मॉडेल उघडून सावकाश फिरवलं. त्याने वाकून लाल कड्याजवळ बोट नेलं.

"ह्यात तं कडं हाय, बाय. सगला हाय. मीच पायला न्हाय."

"काका, तुम्ही मला फोन केला होता."

"केलता ना. तू सांगलंस, नकाशात हाय तेवढा करा. बराबर सांगलंस. नकाशात व्हता. माझीच नजर गेली. चालीस वर्सं घुमट बांधलं, आन् आता एक मानूस मारला."

उन्नती उठून उभी राहिली.

"प्रिंटमध्ये कडं नव्हतं काका. माझ्याकडून ते बंद राहिलं होतं. तुमची नजर बरोबर होती."

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. मग तो मान हलवत राहिला.

"तू मनानी चांगली हायस," तो म्हणाला. "म्हाताऱ्यावर दया करतेस."

तो निघाला तेव्हा ती त्याच्या मागे मागे जिन्यापर्यंत गेली, पण त्याने ऐकून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पोलीस ठाण्यात गेली आणि सगळं लिहून दिलं. अधिकाऱ्याने तिला बसवून घेतलं, पाणी दिलं. तिने सांगितलेली प्रिंट कुठेच नव्हती. फोन झाल्याची नोंद होती, पण त्यावर काय बोलणं झालं ते कोण सांगणार? कडं आपल्याच नजरेतून सुटलं, या कबुलीवर मिस्त्रीने अंगठा नव्हे, चांगली सही केली होती. कागदोपत्री नकाशा सरांचा होता. उन्नतीचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. सरांना विचारल्यावर त्यांनी सांगितलं, की मुलीने मनाला फार लावून घेतलंय, तिला सुट्टीवर पाठवलंय. मिस्त्रीला पुन्हा बोलावलं, तर त्याने, पोरगी आपल्यासाठी खोटं बोलतेय, तिला त्रास देऊ नका, असं हात जोडून सांगितलं. सुट्टीवरून उन्नतीला परत बोलावणं आलं नाही.

जुलैत ती एसटीने गणेशपुरीला गेली आणि तिथून चालत पाड्यावर. भरतची बायको सखी दुसऱ्याच्या शेतात भाताच्या लावणीला गेली होती. उन्नती बांधावर उभी राहिली आणि तिथूनच तिने सगळं सांगितलं. लेयर, प्रिंट हे शब्द सोडून, सरळ सांगितलं की चूक माझी होती. सखी हातातली रोपांची जुडी तशीच धरून ऐकत होती.

"मंग तुला धरनार?"

"नाही."

"मिस्त्रीला सोडतील?"

"नाही."

"मंग मना कशाला सांगतेस?"

बाकीच्या बायका लावत लावत पुढे गेल्या होत्या. सखी वाकली आणि तिची मागे राहिलेली जागा भरायला लागली.

उन्नती चपला हातात घेऊन बांधावरून परत निघाली. रस्ता समोर दिसत होता, पण अर्ध्या वाटेत ती चिखलातच खाली बसली.